वाळवंटात सिंगल बेल

४ जुलै २००६, मंगळवार. कोथरूड

मिळालं! लायसन्स मिळालं! छप्पन्नाव्या वर्षी! फोटोत मी पाकीट मारताना पकडल्यासारखी दिसते. असू दे.

यांना सांगितलेलं नाही. चार महिने रोज सकाळी ‘विपश्यनेला जाते’ म्हणून घराबाहेर पडले आणि राधा मॅडमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या खडखड्या गाडीत जाऊन बसले. घरी परतले की तोंड लालबुंद, पदर घामाने भिजलेला. हे विचारायचे, “ध्यान करून येतेस की भांडून?” एकदा म्हणाले, “मन काही शांत झालेलं दिसत नाही तुझं.” म्हटलं, “वेळ लागतो हो.” त्या दिवशी चढावर माझी गाडी तीनदा बंद पडली होती आणि मागे निम्मं कोथरूड हॉर्न वाजवत उभं होतं!

लपवायचं कारण एकच — आमचे हे. कचरू बन्सोडे. उभा जन्म सिटी बस चालवली, एकही अपघात नाही. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली म्हणून मुदतीआधीच घरी बसले, पण जीभ अजून ड्यूटीवर आहे. रस्त्यात एखादी बाई गाडी चालवताना दिसली की, “बघ, स्टिअरिंगवर वाळत घातल्यासारखी बसलीय.” अशा माणसाला सांगण्यात काय मजा? एकदा शेजारच्या सीटवर बसवायचं आणि दाखवायचं. तोंडाचा आ झाला पाहिजे. एवढं एकच मला या आयुष्यात आता हवंय, बाकी सगळं झालं.

९ जुलै, रविवार

प्रज्ञेशचा फोन. त्याला आणि सूनबाईला — पायलला — हडपसरच्या कंपनीने जोहान्सबर्गला पाठवून वर्ष होईल. म्हणतो, “आई, तुम्ही दोघं या. जीप घेऊ, टपावर तंबू असतो, बोत्स्वाना, नामिबिया, वाळवंट, हत्ती, सगळं बघू.” मी टेलिफोन खात्यातली. लोकांचे परदेशचे कॉल आयुष्यभर जोडून दिले (आणि थोडे ऐकलेही), स्वतः कधी लोणावळ्यापुढे गेले नाही. लगेच हो म्हटलं.

यांनी फोन ओढून घेतला. “मी चालवणार. रस्ता मोकळा असतो ना रे? मध्ये माणसंबिणसं?” प्रज्ञेश म्हणाला, “पप्पा, तासतासभर समोरून गाडी येत नाही.” तरी पुन्हा तेच विचारलं. मग इतके खूश झाले की भांडी घासली!

१२ जुलै, बुधवार

हे काल जाऊन परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आले. आज मी गेले. त्याच खिडकीत. खिडकीतली बाई म्हणाली, “काल पण एक बन्सोडे आले होते.” “असतील,” म्हटलं, “आडनावं काय कमी आहेत पुण्यात?”

परवाना पर्सच्या आतल्या कप्प्यात, सेफ्टी पिन लावून. यांची छाती नाही ती पर्स उघडायची.

२७ जुलै, गुरुवार

विमानात भाकरी आणि ठेचा काढला. पुढच्या दोन रांगांच्या माना वळल्या. एक जण तर आशेने बघत होता.

३० जुलै, रविवार. बोत्स्वाना

रस्ता म्हणजे काय — पट्टीने आखलेला! दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं आणि गाढवं. हे लोक गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे यांचा उत्साह बघायला नको. सकाळचे दोन तास हेच चालवतात. प्रज्ञेश मागे लॅपटॉपवर ऑफिस करतो, पायल गाणी लावते, मी यांच्या डाव्या हाताला बसते, नकाशा उलटा धरून.

पण तो हॉर्न! गाढव दिसलं हॉर्न, झुडूप दिसलं हॉर्न, काहीच दिसलं नाही तरी हॉर्न. पायल म्हणाली, “पप्पा, इथे कोणी हॉर्न नाही वाजवत, ते रूड समजतात.” हे म्हणाले, “गाढवं समजतात?” विषय संपला.

चेकनाक्यावर यांनी पोलिसाला दणकून “जय भीम!” घातला. तोही छाती पुढे काढून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. दोघांनी हात मिळवले. मग जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून मांस-बिंस नेतोय का ते बघायला दुसरा माणूस आला. त्याने माझा सुकटीचा डबा उघडला. वास घेतला. डबा इतक्या हळुवार बंद केला, जणू आत झोपलेलं बाळ आहे. मग मला सलाम ठोकला आणि सोडून दिलं. सुकट वाचली!

रात्री टपावरच्या तंबूत शिडीने चढायचं. लग्नाला एवढी वर्षं झाली, माळ्यावर झोपायची वेळ आज आली. “कंबरेला त्रास नाही ना होत?” विचारलं. “कुठली कंबर?” म्हणाले. मग एकदम, “हां, जरा आहे.”

३१ जुलै, सोमवार. कालाहारी

आज जुनी गंमत आठवली. लग्न नवं असताना मी यांचा डबा घेऊन यांच्याच बसमध्ये चढायची. कंडक्टरची दोरी हाताला लागली की जीव खालीवर व्हायचा — एक बेल थांबा, दोन बेल चला. एकदा मी उगाच एक बेल दिली. भर कर्वे रस्त्यात बस उभी! यांनी आठवडाभर अबोला धरला होता.

तर आज गाडीच्या दाराच्या पत्र्यावर बोटातल्या अंगठीने ठक — एकदा. गाडी जागच्या जागी थांबली! मागे पायल पुढच्या सीटवर आपटली. “काय झालं?” “काही नाही,” म्हटलं, “तपासून बघत होते.” ठक ठक. गाडी निघाली. ब्रेक दाबायचं यांना ठरवावं लागत नाही, पाय आपला आपणच जातो.

“पुन्हा असं करायचं नाही, हिरा,” म्हणाले. पण मिशीत हसत होते.

१ ऑगस्ट, मंगळवार. नामिबियाची हद्द

मला नवा खेळ सापडलाय! नसलेले प्राणी दाखवायचे!

सुरुवात खऱ्या प्राण्याने झाली. डावीकडे शहामृग पळत होतं, मी ओरडले, “अहो, शहामृग!” हे समोर बघूनच म्हणाले, “बघितलं.” बघितलं कसं? मान तर वळली नाही! मग मी म्हटलं, थांबा आता. मोकळ्या माळाकडे बोट करून म्हणाले, “तो बघा कोल्हा.”

“हो. मोठा होता.”

पायलने तोंडात ओढणी कोंबली. अर्ध्या तासाने मी म्हटलं, “अय्या, पांढरा कावळा!”

“दोन होते,” हे म्हणाले.

दोन!! हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मला दिसलं नाही, हे शब्द यांच्या तोंडून निघणार नाहीत. मेले तरी नाही निघणार. आता पायल आणि मी पाळीपाळीने खेळतो. तिने झाडाखाली झोपलेला जिराफ दाखवला. यांनी त्याची मानही दुखत असेल म्हणून हळहळ व्यक्त केली.

२ ऑगस्ट, बुधवार. लाल वाळूचे डोंगर

डोंगर म्हणजे खरोखर डोंगर, पर्वतीच्या दुप्पट-तिप्पट, नुसत्या वाळूचा, शेंदरी! मी चप्पल हातात घेऊन चढले. कसं चढले ते माझं मला ठाऊक. वर बसून सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्ली. वाऱ्याने तिच्यात वाळूही वाढली.

उतरताना प्रज्ञेश बायकोपुढे शाईन मारायला धावत सुटला. कंपनीत टीम लीडर आहे, वाळूत नाही. घोटा मुरगळला. सुजून टोमॅटो! पायलला गाडी येत नाही. म्हणजे आता ड्रायव्हर कोण?

हे लगेच हात चोळत उभे राहिले. मी पर्सची पिन काढली. मग पुन्हा लावली. आज नको. त्यांची एवढी हौस, एक दिवस चालवू देत. उद्या समुद्रापर्यंतचा रस्ता त्यांचा, परवापासून माझा. परवा आ!

३ ऑगस्ट, गुरुवार

आजचं लिहवत नाही. लिहिते तरी.

दुपारनंतरची वेळ. खडीचा रस्ता. प्रज्ञेश मागे पाय लांब करून झोपलेला. यांनी वेग चांगला धरला होता, शीळ घालत होते. मला डाव्या बाजूच्या खड्ड्यातून काहीतरी वर येताना दिसलं. ओरिक्स म्हणतात त्याला — हरीण म्हणायचं, पण अंगाने म्हशीएवढं, आणि शिंगं भाल्यासारखी सरळ. ते चढलं, रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, मग चालायला लागलं. माझ्या बाजूने! आता हे ब्रेक मारतील, आता मारतील. शीळ चालूच. मी “अहो, हरीण!” म्हणाले. हे म्हणाले, “बघितलं.” आणि शीळ पुढे सुरू!

मी अंगठी पत्र्यावर हाणली. एकदाच. सगळा जोर लावून.

पाय गेला ब्रेकवर. गाडी खडीवरून घसरत आडवी झाली, धूळच धूळ, पायल किंचाळली. धूळ खाली बसली तेव्हा ते जनावर बॉनेटपासून हातभर अंतरावर उभं होतं. आमच्याकडे बघितलं. बस पकडायची अजिबात घाई नसल्यासारखं पलीकडे निघून गेलं.

मग मीच विचारलं, “दिसलं नव्हतं ना?”

“दिसलं होतं. मोठं होतं.”

“कुठून आलं? डावीकडून की उजवीकडून?”

यांनी इंजिन बंद केलं. दार उघडून खाली उतरले आणि मोकळ्या माळात चालायला लागले. मी मागोमाग. पायलला म्हटलं, तू थांब.

शेवटी सांगितलं. यांना काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. अडीच वर्षं झाली. समोरचं दिसतं, पेपर वाचता येतो, बाजूचं गेलंय. पडदा दोन्हीकडून मिटत आणावा तसं. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. मी विचारायची, रोज डोळ्यांत काय घालता, तर म्हणायचे धूळ गेलीय. कंबर वगैरे काही नव्हतं. बसच्या डावीकडून एक सायकलवाला आला, यांना दिसला नाही, कंडक्टरने बेल दिली म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून अर्ज देऊन मोकळे झाले. घरी येऊन कंबर धरली.

“मग इथे कशाला बसलात चालवायला?”

“इथे माणूसच नाही, हिरा. म्हटलं शेवटची चालवून घ्यावी. कोण आहे इथे धडकायला?”

“आम्ही आहोत की!” मी इतक्या जोरात ओरडले की स्वतःच दचकले. “मी आहे! मागे तुमचा मुलगा आहे, सून आहे! बसमधल्या परक्या लोकांची काळजी केलीत, आणि आम्ही काय, पोती भरलीत गाडीत?” भयंकर राग आला होता. अजून आहे. आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. हे मान खाली घालून उभे. एवढा उंच माणूस, वाळूत चपला रुतलेल्या. मला यांना असं बघायची सवय नाही.

मग म्हणाले, “तू प्राणी दाखवायचीस. कुठला खरा, कुठला खोटा, मला काय कळणार? म्हणून सगळ्यांनाच हो म्हणायचो.”

पांढरा कावळा. दोन होते.

पर्स उघडली. पिन काढली. लायसन्स त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांसमोर धरून पूर्ण वाचलं, माझं नाव, पत्ता, सही, सगळं. या क्षणाची मी किती वाट बघितली होती! आ वगैरे काही झाला नाही. एवढंच म्हणाले, “ही होती होय विपश्यना.”

किल्ली दिली. आणि मागे जाऊन बसले.

४ ऑगस्ट, शुक्रवार. समुद्रकाठ

मी चालवते. छान चालवते. कोणी काही म्हणत नाही.

७ ऑगस्ट, सोमवार. इटोशाचं अभयारण्य

प्रज्ञेशला आणि पायलला सगळं सांगितलं. प्रज्ञेश इंटरनेट मिळालं तिथे तासभर वाचत बसला. पुण्यात दोन डॉक्टर शोधलेत, अजून जे उरलंय ते टिकवायचं म्हणे. हे ऐकत होते, जणू शेजाऱ्याच्या डोळ्यांबद्दल चाललंय.

डावीकडच्या सीटवर मात्र बसत नाहीत. मी रोज दार उघडून धरते. “प्रज्ञेशचा पाय मांडीवर कोण घेणार?” म्हणतात. प्रज्ञेशचा पाय आता बरा आहे. काल चालत जाऊन झेब्र्याचे फोटो काढून आला. तरी हे मागेच, डोळे मिटून. ड्रायव्हर माणूस शेजारच्या सीटवर बसत नाही, दुसऱ्याच्या घरी जाऊन उंबऱ्यावर बसावं तसं वाटतं म्हणे. हे पायलला सांगितलं. मला नाही.

आज हत्ती! पाणवठ्याच्या वळणावर एकदम समोर, रस्ताभर. कान हलवतोय. पायल पुटपुटायला लागली, “आई, डोन्ट पॅनिक, आई, डोन्ट पॅनिक.” घाबरली होती ती, आणि सांगत मला होती! मी रिव्हर्स टाकला. राधा मॅडमने मला आठवडाभर नुसता रिव्हर्स शिकवला होता, रद्दीच्या दुकानापासून दूध डेअरीपर्यंत. मान मागे वळवली, तर मागच्या सीटवर यांचा चेहरा. डोळे उघडे! मला वाटलं आता म्हणतील — सरळ घे, डावं काप, काहीतरी. ओठ हललेसुद्धा. पण काही म्हणाले नाहीत. हत्ती गेला. गाडीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही वाजवल्या, पण दोनच.

मला टाळ्या नको होत्या. मला शिव्या हव्या होत्या.

९ ऑगस्ट, बुधवार

आज मुद्दाम गिअर वाजवला. करर्र! काही नाही. पुन्हा वाजवला. या माणसाला पूर्वी शेजारच्या रिक्षाचा गिअर वाजला तरी झोप लागायची नाही.

क्लचचा वास यायला लागल्यावर प्रज्ञेश म्हणाला, “आई, प्लीज, गाडी भाड्याची आहे.”

११ ऑगस्ट, शुक्रवार. मिठाचं तळं

नाव मकगडीकगडी. पाणी नाही, मीठ आणि वाळलेला चिखल, पांढरंशुभ्र, चारही बाजूंना नुसतं सपाट. झाड नाही, दगड नाही, गवताची काडी नाही. गाड्यांची एक चाकोरी मध्यातून गेलेली. कॅम्पवाल्याला दोनदा विचारून घेतलं, या दिवसांत जमीन कडक असते, चाकोरी सोडू नका म्हणाला.

मी गाडी थांबवली. प्रज्ञेशला आणि पायलला म्हटलं, खाली उतरा, स्टोव्ह काढा, चहा करा. मग मागचं दार उघडलं आणि किल्ली यांच्यापुढे धरली. “चला. शेवटची.”

“नको.”

“इथे धडकायला खरोखरच काही नाही.”

“तू आहेस की,” म्हणाले. माझीच गोष्ट मला!

“मी बसणार आहे शेजारी,” म्हटलं. “माझी मी जबाबदार.”

किल्ली घेतली. मग उतरले. बसताना सीट मागे ओढली, आरसा फिरवला, स्टिअरिंगवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. गाडी निघाली तेव्हा कळलंसुद्धा नाही, इतकी अलगद. चौथा गिअर पडला तो आवाजाशिवाय. हॉर्न नाही. मी बाहेर बघितलंच नाही, यांच्याकडे बघत होते. काय चालवतात हो! किती वर्षांत मी नीट बघितलंच नव्हतं.

“समोर काय आहे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“नक्की?”

“अगदी क्षितिजापर्यंत काही नाही. सरळ घ्या.”

सरळ घेतली. मागे प्रज्ञेश आणि पायल दोन ठिपके झाले. मग हळूहळू वेग उतरवला, गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं.

मी उतरले, मिठावरून चालत गाडीला वळसा घालून उजव्या दारापाशी आले. दार उघडलं, तर सीट रिकामी. हे आधीच आतल्या आत सरकून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले होते. पट्टासुद्धा लावला होता.

“बघत काय राहिलीस?” म्हणाले. “क्लच दाबून सोडायचा असतो. लाथ नाही मारायची. आठ दिवस झाले, ऐकवत नाही मला.”